पाकोळीचा हिशोब

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये माहेरी गेले तर गाडीतून पाय खाली ठेवायच्या आधीच वास आला. सडक्या बटाट्याचा वास ज्याला माहितीये त्याला सांगायला नको आणि ज्याला माहिती नाही त्याला सांगून कळणार नाही, मेलेल्या उंदराच्या जवळपास जातो पण त्यात काहीतरी गोडसर पण असतं आणि तो कपड्यात बसतो, दोन धुण्यांत जात नाही.

आमच्याकडं आंब्याखाली दरवर्षी बटाट्याची अरण लागते. चाकणच्या ऑफिसमधल्या मैत्रिणी विचारतात अरण म्हणजे काय, तर काही मोठं नाही, सावलीची उंचवट्याची जागा बघायची, खाली पाचट अंथरायचं, त्यावर बटाट्याचा लांबट ढीग, आणि वरून परत पाचट नाहीतर पाला. फेब्रुवारी-मार्चला सगळ्यांचाच माल एकदम निघतो, मंचर मार्केटला बाजार पडलेला असतो, मग दोन महिने दम धरायचा आणि भाव आला की अरण फोडायची. आमचा भाग डिंभे धरणाच्या कालव्याचा, ऊस आणि कांदा तर आहेच पण रब्बीचा बटाटा आप्पांनी कधी सोडला नाही.

तर ती अरण दादाने आदल्या दिवशी फोडली होती. आई, वहिनी आणि गावातल्या चार बायका निवडायला बसल्या होत्या, नाकाला पदर बांधून. मी पण साडी खोचून बसले. पहिलाच बटाटा उचलला तो वरून एकदम चांगला, गुळगुळीत, ज्योती जातीचा असतो तसा पांढरट अंडाकृती, फक्त एका डोळ्यापाशी काळपट ओला भुस्सा चिकटलेला, अगदी मोहरीच्या दाण्याएवढा, आणि त्याला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. नखानं खरवडला तर आत भोक. सुरीनं कापला तर सालीच्या खालून एक वाकडातिकडा बोगदा गेलेला, बोगदाभर काळी घाण, आणि शेवटाला एक अळी बसलेली, अर्धा इंच पण नाही, पांढरट-हिरवट अंग, चॉकलेटी डोकं. कापल्यावर उजेड पडला तशी वळवळली आणि मागं सरकायला लागली.

आई म्हणाली, "पाकोळी हाय, बघती काय त्याच्याकडं, बदल्यात टाक." पाकोळी म्हणजे बारीक पतंग, ही त्याची अळी, पण आमच्याकडं दोघांना पाकोळीच म्हणतात. आणि बदला म्हणजे निवडून बाजूला काढलेला हलका माल.

मी अकाउंट्सला आहे, मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. त्या दिवशी मी वरच्या थरातले शंभर बटाटे डोळे झाकून उचलले आणि बाजूला ठेवून मोजले, ४१ ला भोक. ढिगाच्या तळातले शंभर उचलले, १२ ला भोक. हे कुठल्या प्रयोगशाळेचं नाही, आमच्या आंब्याखालचं आहे, पण एवढ्यानं पण कळतं की किडा कुठून येतोय, तो वरून आणि कडेने येतोय, तळाला त्याला पोचायला वेळ लागतोय.

मग पूर्ण हिशोब वहीत मांडला. लावणीला २० पिशव्या बेणं, एक एकर. निघाला २०० पिशव्या, म्हणजे उतारा एकाला दहा, आमच्याकडं एवढा आला की लोक खूश असतात. ६० पिशव्या शेतातूनच पडत्या भावात विकल्या कारण मजुरीचे पैसे द्यायचे होते. १४० अरणीत. फोडल्यावर चांगला माल ८३, बदला ३१, आणि २६ पिशव्या गेल्याच, काही सडून उकिरड्यावर आणि काही नुसत्या सुकून, कारण बटाट्यातलं पाणी उडतं तेवढं वजन उडतंच. बदल्याला भाव निम्म्याहून कमी मिळाला. आणि गावात मात्र दादा सगळ्यांना सांगत होता यंदा उतारा दहाचा. खोटं काहीच नव्हतं त्यात, बांधावर मोजला तेव्हा दहाचाच होता की.

हेच मला त्या दिवसापासून खुपतंय. आम्ही उतारा बांधावर मोजतो आणि वही बंद करतो. रोग पडला, पाऊस पडला, थंडी नाही पडली, त्यानं किती पिशव्या कमी झाल्या हे तोंडपाठ असतं. अरणीत काय गेलं ते कोणी मोजत नाही, "थोडा खराब झाला" एवढ्यावर विषय संपतो.

मग मी नाद लागल्यासारखं वाचायला लागले. ही पाकोळी आपली नाहीच. बटाटा जिथला, तिथलीच ती, दक्षिण अमेरिकेतली. आपल्याकडं १९०६ मध्ये आली, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, इटलीहून मागवलेल्या बेण्यातून. म्हणजे बेण्याबरोबर किडा फुकट. मुंबईच्या बाजारात आपल्या भागातल्या बटाट्याला अजून तळेगावचा बटाटा म्हणतात, आणि त्या काळी पुणे जिल्ह्यात ह्या पिकावर बरीच खटपट चाललेली होती, शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरोल्ड मान (तेच, ज्यांनी पिंपळे सौदागर गावाची पाहणी केली होती, आज तिथं टॉवर आहेत) त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या आसपास इथल्या बटाट्याचा अभ्यास केलेला. शंभर वर्षांपेक्षा जास्त झाली, आणि आमच्या आंब्याखाली अजून तीच पाकोळी आणि जवळपास तशीच अरण.

उत्तरेत हिचा एवढा त्रास नाही, तिकडं थंडीत पीक निघतं आणि माल सरळ कोल्ड स्टोरेजला जातो. आपल्याकडं बटाटा काढायला आणि ऊन तापायला एकच गाठ पडते. उन्हाळ्यात हिची अंड्यातून पाकोळीपर्यंतची एक फेरी साधारण महिन्यात होते, चार-पाच दिवसांत अंडी फुटतात, दोनेक आठवडे अळी बटाटा खाते, मग कोष, मग पाकोळी. एक मादी शंभराच्या वर अंडी घालते. आमची अरण पंचावन्न दिवस बंद होती म्हणजे जवळजवळ दोन फेऱ्या. आता माझ्यासारखीचा हिशोब बघा, एक मादी आत गेली, शंभर अंडी, त्यातल्या निम्म्या माद्या धरल्या तर पन्नास, त्यांच्या परत शंभर-शंभर, पाच हजार. सगळ्या जगत नाहीत हे खरंय, पण सावकाराचं चक्रवाढ व्याज ज्यांनी भरलंय त्यांना ह्याच्यापुढं समजवायला नको. दहा डिग्रीच्या खाली ती वाढतच नाही म्हणतात, म्हणून कोल्ड स्टोरेजमध्ये माल वाचतो, पण तिकडं भाडं, हमाली, टेम्पो, आणि तिथून काढलेला बटाटा गोड लागतो, तळला की लाल पडतो, मग गिऱ्हाईक नाक मुरडतं.

आता चूक कोणाची हे सांगते, कारण मी दादाला पण तोंडावर सांगितलंय आणि त्यानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

एक म्हणजे भर. लावणीनंतर महिन्याभरात वरंब्याला मातीची भर लावायची असते, ती गेल्या वर्षी उसाच्या तोडीत राहिली, अर्धवट लागली. बटाटा मोठा झाला की माती फाकते आणि तो वर डोकावतो. शेवटची पाण्याची पाळी पण कालव्याचं आवर्तन लांबल्यामुळं चुकली, रान तडकलं, भेगा पडल्या. पाकोळीला तेवढंच पाहिजे असतं, ती संध्याकाळी अंधार पडताना उडते, भेगेतून आत शिरते आणि उघड्या पडलेल्या बटाट्याच्या डोळ्याजवळ अंडी घालते. म्हणजे अरणीत घालायच्या आधीच आमच्या मालात बी पेरलेलं होतं.

दुसरं म्हणजे काढणी. ट्रॅक्टरनं बटाटा उकरला, बायकांनी पाट्या भरून ढीग केला, संध्याकाळ झाली, टेम्पो आला नाही, आणि ढीग रात्रभर रानातच. त्यावर काय टाकलं? बटाट्याचाच पाला. ऊन लागून बटाटा हिरवा पडू नये म्हणून पिढ्यानपिढ्या हेच करतात. पण पाकोळीची अळी आधी त्या पाल्यातच असते, पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये घुसून खाते, त्याचे पारदर्शक डाग दिसतात. पाला वाळायला लागला की ती काय उपाशी मरेल? ती खाली उतरते, आणि खाली कोण आहे तर बटाटा. आम्ही तिला स्वतःच्या हातानं जिना लावून दिला.

हे मी आप्पांना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, तंबाखू मळत बसले. मी म्हणलं, "आप्पा, ही तंबाखूवर पण पडते बरं का, तिकडं तंबाखूची पानं खाते." तेव्हा पहिल्यांदा हसले. "म्हंजी आमच्यातलीच हाय."

औषधाचं म्हणाल तर औषध मारलं होतं की, तीन वेळा. पानाच्या आत बसलेल्या अळीला वरचं औषध किती लागणार, आणि मातीखालच्या बटाट्याला तर नाहीच. आधी लोक अरणीतल्या बटाट्यावर सरळ बीएचसी पावडर मारायचे, तात्या सांगतात, पांढरा ढीग दिसायचा, आणि तोच बटाटा धुऊन बाजारात आणि घरातल्या भाजीत पण. बीएचसीवर १९९७ ला बंदी आली. लावणीला सरीत फोरेटचे दाणे टाकायचे, त्यावर पण २०२० च्या शेवटी बंदी आली. तात्यांना अजून वाटतं की सरकारनं चांगलं औषध काढून घेतलं म्हणून किडी वाढल्या. मी वाद घालत नाही, त्यांच्या हाताला त्या दाण्यांचा वास वर्षानुवर्षं होता, हातमोजे तेव्हा कोणी घातलेत.

तात्यांवरून आठवलं, बेण्याचा किस्सा सांगायचाच राहिला. आमच्याकडं बेणं पंजाबातून येतं, मंचरला ट्रकच्या ट्रक उतरतात, आणि त्याचा भाव ऐकला की दरवर्षी कोणीतरी म्हणतं घरचंच ठेवू. तात्यांनी तीन वर्षं ठेवलं. पहिल्या वर्षी उतारा बरा, दुसऱ्या वर्षी आठ, तिसऱ्या वर्षी पाचला आला, झाडं खुरटी, पानं वरच्या बाजूला वळलेली, कडक. तात्या म्हणायचे जमीन थकली. जमीन नाही थकली, मावा, पानातला रस शोषणारा बारीक किडा. तो रस किती शोषतो हा प्रश्नच नाही, तो एका झाडाचा व्हायरस दुसऱ्या झाडाला देतो आणि मग तो व्हायरस बटाट्यातून पुढच्या वर्षी परत उगवतो, किडा मेला तरी. पंजाबात बेणं का चांगलं होतं तर तिकडं ऑक्टोबर ते डिसेंबर मावा जवळजवळ नसतो, त्या वेळात पीक घेतात आणि शंभर पानांवर वीस मावा दिसायच्या आत पाला कापून टाकतात, बटाटा लहान राहिला तरी चालेल म्हणून. पुष्करनाथ नावाच्या शास्त्रज्ञांनी १९५९ च्या सुमाराला ही पद्धत बसवली, शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेचे. मला ह्यातलं सगळ्यात काय आवडलं, तर त्यांनी किडा मारण्याच्या मागं लागण्यापेक्षा किडा नसतो तेव्हाचा वेळ शोधला.

मामाचं गाव सातगाव पठारावर, तिकडं खरिपाचा बटाटा, सगळा पावसावर. तिकडचं दुखणं वेगळं, हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची जमिनीतली अळी. मामाच्या बटाट्याला गेल्या खरिपात अशी भोकं की बोट जाईल, उथळ गोल खड्डे. वजनात फारसा फरक नाही, म्हणजे उताऱ्यात दिसणारच नाही, पण व्यापारी एक पिशवी ओतून बघतो आणि भाव पाडतो. मामी म्हणते पहिल्या वळवाच्या पावसानंतर कडुनिंबाच्या आणि बाभळीच्या झाडाला संध्याकाळी भुंगेरे लटकतात, त्याच वेळी फांद्या हलवून खाली पाडून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, पण हे सगळ्या गावानं एकदम केलं तर उपयोग, एकट्या मामीनं बादली घेऊन फिरून काय होणार.

असो. यंदा आम्ही काय केलं ते सांगते.

लावण जरा खोल केली, चार बोटं. भर दोनदा लावली आणि दुसऱ्यांदा मी स्वतः रजा टाकून बांधावर उभी होते, दादाला राग आला तरी. शेवटची पाळी बोअरवरून दिली. आणि कामगंध सापळे लावले, एकरात आठ, त्यात किड्याच्या मादीच्या वासाची ल्यूर ठेवतात आणि त्या वासाला नर येऊन अडकतो. त्याची गंमत झाली. दुकानातून सापळे आणि ल्यूर आणले, लावले, रोज वहिनी सकाळी बघून मला व्हॉट्सअ‍ॅप करायची, शून्य, शून्य, शून्य, आठवडाभर. आम्ही खूश, यंदा पाकोळीच नाही. मग एक दिवस वहिनीनं पाकिटाचा फोटो पाठवला, झूम करून वाचलं तर ती मक्यावरच्या लष्करी अळीची ल्यूर! प्रत्येक किड्याच्या मादीचा वास वेगळा, बटाट्याच्या पाकोळीचा नर मक्याच्या मादीकडं कशाला येईल. दुकानदार म्हणतो, "ताई, सापळा तर सेमच असतो." सापळा सेमच असतो हो. ल्यूर बदलली आणि दुसऱ्याच सकाळी एका सापळ्यात १७. त्या रात्री मी टॉर्च घेऊन रानात गेले, आणि खरंच, वरंब्यावरून राखाडी-तपकिरी बारीक पाकोळ्या उड्या मारल्यासारख्या उडत होत्या, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, बसल्या की मातीत दिसेनात. इतकी वर्षं त्या रानात आम्ही रात्रीची पाण्याची दारी धरलीय, मी कधी बघितल्याच नव्हत्या. म्हणजे डोळ्यासमोर असणारच, बघितल्या नव्हत्या.

(नारायणगावचे टोमॅटोवाले सापळ्यांना आमच्याआधीच सरावलेत. २०१४ मध्ये पुण्याकडंच पहिल्यांदा सापडलेली ती टोमॅटोची नागअळी, ट्यूटा, ती हिचीच चुलत बहीण, ती पण दक्षिण अमेरिकेचीच.)

हिच्यावर पोसणारी एक गांधीलमाशीच्या जातीतली माशी असते, कोपिडोसोमा, ती पण तिकडचीच, मुद्दाम आणलेली. डोळ्याला नीट दिसणार नाही एवढी. ती पाकोळीच्या अंड्यात स्वतःचं एक अंडं घालते आणि त्या एकाचे आतल्या आत फुटून तीसचाळीस होतात, अळी बाहेरून नॉर्मल, खातेय पितेय वाढतेय, आणि शेवटी नुसतं कवच राहतं, आत सगळ्या माशाच. ती वाळलेली अळी पण सोडायला मिळते, तिला ममीच म्हणतात. आम्हाला यंदा वेळेत मिळाल्या नाहीत. आणि तीन फवारण्या करून त्या सोडायच्या म्हणजे पाहुणे बोलवून दाराला कुलूप.

काढणी फेब्रुवारीच्या शेवटी झाली. दुपारी चारला उकरणं बंद, अंधाराच्या आत उचललेला सगळा माल घरी, भोकाचा आणि कुदळ लागलेला त्याच दिवशी वेगळा. बायकांना रोज वाढवून द्यावा लागला कारण निवडायचं काम वाढलं, दादानं तो खर्च पण मला ऐकवला. बटाट्याचा पाला लांब नेऊन जाळला. अरणीला खाली-वर घाणेरीचा पाला, बांधावर फुकट वाढलेली, इतकी वर्षं शिव्या देऊन तोडत होतो, तिच्या वासाला पाकोळी फिरकत नाही म्हणे. आई म्हणाली वासानं मीच फिरकणार नाही.

उतारा यंदा नऊलाच आला, थंडी कमी पडली. दादा खट्टू आहे.

परवा रविवारी गेले होते तेव्हा अरणीच्या कडेनं हात घालून वरच्या थरातले पन्नास बटाटे काढले, आप्पा खुर्ची घेऊन बाजूला बसले होते. एकेक फिरवून बघितला, डोळा न् डोळा. पाचला भोक. शंभराला दहा म्हणजे गेल्या वर्षी वरच्या थरात ४१ होते तिथं १०, पण अजून तीन आठवडे अरण बंद राहणार आहे आणि ऊन आत्ता कुठं चढतंय, त्यामुळं मी तोंड बंद ठेवलंय. आप्पांनी ते पाच मागून घेतले, कापून अळ्या काढल्या, कोंबड्यांना टाकल्या, उरलेला चांगला भाग आईकडं दिला भाजीला.

मग मला म्हणाले, "पोरी, हे अरणीचं वेगळ्या पानावर लिहीत जा. उताऱ्याच्या खाली नको."